तिच्या नावाचा टॅग

वॉलरू, १४ जानेवारी

टॅम,

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुझी आई म्हणाली, कॅल्गुर्लीला जेनमावशीच्या पत्त्यावर टाक, वाचायचं की चुलीत घालायचं ते टॅम ठरवेल. मी आयुष्यात कोटेशन सोडून काही लिहिलेलं नाही, तेव्हा हेही कोटेशनसारखंच होईल.

मुद्द्याचं आधी. तुझी कामाची वही माझ्याकडे आहे. चार वर्षांची उमेदवारी झाली, ट्रेड कॉलेजच्या सगळ्या परीक्षा पास झाल्या, फक्त शेवटच्या दोन पानांवर माझी सही नाही. ती झाली की तू वायरमन. लायसन हातात आलं की ऑस्ट्रेलियात कुठेही जा, लोक गाडी पाठवून घेऊन जातील. आणि ती नसेल तर तू चार वर्षं बापामागे पिशवी वाहणारी पोरगी, एवढंच. आई सांगत होती, तू तिकडे खाणीच्या कँटीनमध्ये बटाटे सोलतेस. त्यात कमीपणा काही नाही. पण मोटर बांधता येणाऱ्या हातांनी बटाटे का सोलायचे, ते मला कळत नाही.

अट मी तेव्हाच सांगितली होती, ती अजून तीच आहे. कामगार सुरक्षेच्या ऑफिसला एक ओळ लिहून दे की टॅग तू काढलास आणि परत लावायला विसरलीस. वय एकवीस, पहिलीच चूक. समज देऊन सोडतील असं तपासणीस मला स्वतः म्हणाला. मग मी सही करतो. तू लिहीत नाहीस तोवर चौकशी उघडी राहते आणि चौकशी उघडी असताना मला सही करता येत नाही. नियम आहे, मी केलेला नाही.

टॅगचा नियमही मी केलेला नाही. तुला पहिल्या दिवशी लाल टॅगांचा गठ्ठा दिला तेव्हा सांगितलं होतं, मेन स्विच पाडून वीज बंद करायची, त्यावर आपल्या नावाचा टॅग अडकवायचा आणि मगच यंत्रात हात घालायचा. टॅगचा अर्थ एकच, मी आत आहे. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. मालकाने काढायचा नाही, पंतप्रधान आला तरी त्याने काढायचा नाही. त्या दिवशी सायलोवर, गहू वर नेणाऱ्या पट्ट्याचा स्विच मी वर केला तेव्हा त्यावर टॅग नव्हता. तो बोर्डाखाली ठेवलेल्या तुझ्या हत्यारांच्या पिशवीला अडकवलेला सापडला. तपासणीसाने फोटो काढून तसं लिहिलं आहे. आणि पट्ट्याखालच्या खड्ड्यात ब्रेंटन ओपीचा हात पट्ट्यात होता.

इथे बेचाळीस डिग्री आहे. कुत्रा पाण्याच्या टाकीखाली पडून असतो. मी बरा आहे, म्हणजे मला काही होत नाही. जेवतो, झोपतो, कामाला जातो.

डॅड


वॉलरू, ३ फेब्रुवारी

टॅम,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. ठीक आहे.

काल ब्रेंटनकडे जाऊन आलो. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलंय, बाकीची तीन गेली. बावीस वर्षं सायलोवर फिटर होता, आता परत घेतील असं वाटत नाही. ओसरीत बसून डाव्या हाताने खेकडे साफ करत होता. जेट्टीवर पोराने धरून आणलेले, निळे, चांगले मोठे. मदत करू का विचारलं तर म्हणाला, "तू करशील तर बायको मला दुसरं काम लावेल."

तुझी चौकशी केली. तुझ्यावर त्याचा राग नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितोय. म्हणाला, चूक माझीच, मी स्वतःचा टॅग लावला नाही, तिचा होता म्हणून आळस केला. दोन माणसं आत तर टॅगही दोन हवेत, हे त्याला काय मी सांगायचं? पण सुगीच्या गर्दीत सगळेच असं करतात.

मग म्हणाला, "मर्व, तिने तो काढला असेल हे माझ्या डोक्यात काही बसत नाही. पाणी प्यायला वर चालली होती तेव्हा मी ओरडलो होतो, टॅग राहू दे हं. तर मला म्हणते, राहू दे म्हणजे? तो काय टोपी आहे काढून ठेवायला?"

मी म्हटलं, उन्हात माणूस विसरतो. त्याने हातातला खेकडा खाली ठेवला. मग सहा खेकडे पिशवीत घालून दिले.

आईने ते उकडले. मी दोन खाल्ले. त्यांना चव नव्हती की मला लागली नाही, कोण जाणे.

डॅड


वॉलरू, २६ फेब्रुवारी

टॅम,

आई दर रविवारी तुझ्याशी बोलते. दार लावून घेते. बाहेर आली की सांगते, "बरी आहे." एवढे दोन शब्द मला आठवडाभर पुरवायचे असतात.

आज तुझी बारावीची गुणपत्रिका सापडली. मोजपट्टी शोधत होतो. एवढे मार्क असताना पोरगी विद्यापीठात न जाता बापाच्या गाडीत बसते म्हटल्यावर तुझ्या आईने तीन आठवडे माझ्याशी अबोला धरला होता. हेडमास्तर घरी आले होते. तू त्यांना चहा देऊन विचारलंस, सर, तुमच्या घरचा पंखा नीट करायला मागच्या महिन्यात किती दिवस वाट बघितलीत? ते म्हणाले, अकरा. तू म्हणालीस, मग मला कशाला अडवता? आई स्वयंपाकघरात हसली आणि तिथेच तो विषय संपला.

तुझं म्हणणं खरंही ठरलं. तुझ्या बरोबरीची व्हेरिटी अ‍ॅडलेडला अजून शिकतेच आहे आणि सुट्टीत बेकरीत खिमा भरलेली पेस्टी विकते. तू तिसऱ्या वर्षाला स्वतःची गाडी घेतलीस. तिच्या बापाला मी ते दोनदा ऐकवलं, एकदा गरज नसताना. पाट्यांवर 'ट्रेलोअर आणि कन्या' असं रंगवून घ्यायचं आपलं ठरलं होतं. रंगाऱ्याचा परवा फोन आला होता. मी म्हटलं, थांब जरा.

एक गोष्ट आहे. माझ्या जबाबात मी लिहून दिलंय की त्या वेळी तू गाडीपाशी जेवत असशील असं मला वाटलं. जबाब परत वाचला. 'वाटलं' हा शब्द बरोबर आहे की नाही, मला सांगता येत नाही. इतकंच.

तू ती ओळ लिहून दे, टॅम. एका ओळीने सगळं संपतं.

डॅड


वॉलरू, २० मार्च

टॅम,

ती ओळ लिहू नकोस.

काल शाळेत करिअरची संध्याकाळ होती. दर वर्षी मला बोलावतात तीच. मी नाही म्हणायला हवं होतं, पण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं. एका टेबलावर नर्सिंगवाले, एकावर सैन्यातले, एकावर जहाजाचं वेल्डिंग शिकवणारे आणि मी. नेहमीचं भाषण केलं. चार वर्षं हात काळे करा, शिकतानाही पगार मिळतो, मग जन्मभर कोणापुढे हात पसरायला नको. मास्तरांची माफी मागून सांगतो, तुम्हाला शिकवणाऱ्यांपेक्षा तुमचा पगार जास्त असेल. ते नेहमीच्या जागी हसले. तोंड बोलत होतं आणि मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. हे गेले चार महिने असंच चाललंय.

प्रश्न विचारा म्हटल्यावर पोल्किंगहॉर्नांची धाकटी उभी राहिली. ती गं, दातांना तार लावलेली. म्हणाली, "मला वायरमन व्हायचंय. पण बाबा म्हणतात टॅम्सिनसारखं होईल. एवढी हुशार पोरगी आणि एका चुकीत बाहेर. म्हणून विचारते, तुमची कधी चूक झाली होती का?"

मी म्हटलं, "हो."

"मग तुमचं लायसन कसं राहिलं?"

मी म्हटलं, "मी कोणाला सांगितलं नाही."

सगळे हसले, टॅम. मर्वचा विनोद म्हणून हसले. हेडमास्तरही हसले. ती पोरगी तेवढी हसली नाही. वहीत काहीतरी लिहून खाली बसली.

आता लिहितो. गाळत नाही, खोडत नाही.

टॅग मी काढला.

गव्हाचे ट्रक पार काडीना गावाच्या रस्त्यापर्यंत उभे होते. सायलोचा मॅनेजर माझ्या कानाशी ओरडत होता की एकेक तास बंद म्हणजे उद्या दुसऱ्या गावाला माल जाईल. मी बोर्डापाशी आलो. तारा जोडलेल्या होत्या, पेटीचं झाकण लागलं होतं. तुझं काम झालेलं दिसत होतं. स्विचवर तुझा टॅग होता. मला वाटलं, पोरगी काढायला विसरली. मी तो काढला, खाली तुझी पिशवी होती तिला अडकवला, कोणाचा टॅग सापडला की आपण त्याच्या पिशवीला अडकवतो तसा, आणि स्विच वर केला. चाळीस वर्षं दुसऱ्यांना जे करू नका म्हणून सांगितलं, ते करायला दहा सेकंदही लागले नाहीत.

ब्रेंटनला हेलिकॉप्टरमध्ये घालत होते तेव्हा सांगायचं माझ्या मनात होतं. मग म्हटलं, तपासणीस आल्यावर सांगू. तो आला, त्याने पिशवीला टॅग बघितला आणि तुला विचारलं. तू तीन वेळा म्हणालीस, मी काढला नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पोरगी थकली होती, विसरली असेल." अगदी मायेने म्हटलं. तुझ्या खांद्यावर हातही ठेवला होता. तो तू झटकलास.

तुला समज देऊन सोडतील आणि माझं लायसन जाईल, धंदा जाईल, घर चालायचं कशावर, असा हिशेब मी केला. तुझ्या भल्याचाच आहे असं स्वतःला सांगितलं. वर तुझ्याकडूनच लिहून मागितलं. चोर तो चोर आणि वर शिरजोर, ते मीच.

मला लाज वाटते असं लिहायला हवं. कळतं मला. पण खरं सांगतो, काहीच वाटत नाही. बधिर केलेल्या दाढेसारखं आहे. दुखणार हे माहीत आहे, अजून दुखत नाही.

डॅड


वॉलरू, ४ एप्रिल

टॅम,

झालं ते क्रमाने लिहितो.

आईला सांगितलं. ती ओटा पुसत होती. पुसून झाला, फडकं पिळलं, वाळत घातलं. म्हणाली, "मी चार महिने त्या पोरीला फोनवर समजावतेय की लिहून टाक बाई, माणसाच्या हातून होतं." मग तुझ्या खोलीत जाऊन झोपली. अजून तिथेच झोपते. माझं जेवण झाकून ठेवते.

सोमवारी अ‍ॅडलेडला ऑफिसात गेलो. जाताना तुझी वही बरोबर घेतली होती. वाटेत पोर्ट वेकफील्डला गाडी थांबवली, पेन काढलं. विचार असा, की आधी सही करून टाकायची आणि मग आत जाऊन सांगायचं. तोवर माझं लायसन चालू, म्हणजे चौकशीच्या आधीची तारीख घातली की सहीही चालू. एवढी तरी पळवाट तुझ्यासाठी. वही मांडीवर घेऊन बसलो बराच वेळ. त्या पानावर छापलंय, 'मी या व्यक्तीच्या कामावर स्वतः लक्ष ठेवलं आहे.' त्याच्याखाली माझं नाव घालता आलं नाही. पेन ठेवून दिलं.

आत सगळं सांगितलं. तिथल्या बाई टाइप करत होत्या, मध्येच म्हणाल्या, जरा हळू. लायसन टेबलावर ठेवायला सांगितलं, ते ठेवलं. पुढे कोर्टात जाईल म्हणाल्या. तुझ्या नावापुढचा शेरा त्यांनी माझ्यासमोर काढला. तुला कागद येईल तो नीट जपून ठेव.

आता माझी सही कशालाच चालत नाही. म्हणून वही घेऊन डेन्झिल नॅन्करव्हिसकडे गेलो. हो, त्याच्याकडेच. वीस वर्षं एकमेकांची कामं पळवली आम्ही. त्याने मला दारातच उभं ठेवलं. वहीतलं पान न् पान वाचलं. म्हणाला, "तीन महिने माझ्या हाताखाली काम करायचं, मग सही करीन. तुझ्या शब्दावर घेत नाही हं, मर्व. तुझ्या शब्दावर मी आता पाव पण घेणार नाही. तिचं काम बघितलंय मी."

तेव्हा तीन महिने, टॅम. पगार त्याचा पूर्ण आहे. मग तू वायरमन, आणि त्या लायसनवर माझं नाव कुठेच नसेल. घरात राहायला अवघड वाटेल म्हणून मी मूंटाला कॅराव्हॅन घेतली आहे, शनिवारी हलतो. तू आलीस तर आई घरी असेल. मी नसेन.

ब्रेंटनकडेही गेलो. सगळं ऐकून घेतलं. मग आत गेला आणि दार लावून घेतलं. कडी लावायला त्याला वेळ लागला.

डॅड


मूंटा बे, २९ एप्रिल

टॅम,

तुझं कार्ड आईने आणून दिलं. डेन्झिलकडे सोमवारपासून येतेस हे तिनेच सांगितलं. कार्डावर तू त्यातलं काही लिहिलेलं नाहीस. एवढंच विचारलंयस, 'टॅग काढताना मी कुठे आहे असं तुला वाटलं?'

पाच दिवस झाले, कार्ड समोर ठेवलंय. दोन उत्तरं लिहून फाडली. पहिल्यात लिहिलं होतं, तू गाडीपाशी आहेस असं वाटलं. ते जबाबातलं आहे, मी नंतर बनवलेलं. दुसऱ्यात लिहिलं होतं, तू मॅनेजरच्या केबिनमध्ये सही घ्यायला गेली असशील असं वाटलं. तेही बनवलेलंच.

परवा ब्रेंटनची बायको इथवर आली होती. दारात उभं राहून बोलली. म्हणाली, त्याने चौकशीत कधी सांगितलं नाही, पण मला सांगितलंय. पाणी पिऊन टॅम्सिन परत खाली आली होती आणि पट्ट्याचा बोल्ट आधी तीच घट्ट करत होती, कोपरापर्यंत हात आत घालून. लहान पाना हवा म्हणून तिने हात काढला आणि ब्रेंटनने घातला. एवढं सांगून ती गेली. मी पायरीवर बसलो. जे दुखायचं राहिलं होतं ते दुखायला लागलं. अजून थांबलेलं नाही.

किंकाळी आली तेव्हा ती कोणाची हे मला पहिल्यांदा कळलं नाही. बाईची की पुरुषाची, तेही कळलं नाही. तू वर आलीस, तुझ्या शर्टावर रक्त होतं, आणि मी तुला पहिलं काय विचारलं असेल तर, पट्टा बंद केलास का.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खरं तेच, एकदाच लिहितो.

मला काही वाटलं नाही. तुझं नाव माझ्या हातात होतं, तुझ्याच अक्षरात लिहिलेलं, आणि तू कुठे आहेस हे मी माझ्या मनाला विचारलं नाही. हाक मारली नाही. खड्ड्यात वाकून बघितलं नाही.

मी ट्रकांच्या रांगेकडे बघत होतो.

डॅड